फलक लावला, पत्रकं वाटली, तरी फोन कुणी केला नाही?

लातूर जिल्ह्यातल्या एका गावाहून तरुण मंडळाच्या सचिवांनी विचारलं आहे. गेल्या वर्षी गावातल्या बारावीच्या एका मुलाचा आत्महत्येने मृत्यू झाला. मंडळाने गणेशोत्सवात त्याचा फोटो आणि 'टेलिमानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर टाकून चौकात मोठा फलक उभा केला, पाचशे पत्रकं वाटली, एका डॉक्टरांचं भाषण ठेवलं. ते म्हणतात, "आमच्या माहितीत एकानेही फोन केलेला नाही. आमचं कुठं चुकलं? यंदा काय वेगळं करावं? आणि कार्यक्रमाला त्या मुलाच्या आईवडिलांना मंचावर बोलवावं का?"

आधी एक विचारते. कुणी फोन केला नाही, हे तुम्हाला कशावरून वाटलं? चारचौघांत विचारलंत आणि सगळ्यांनी माना हलवल्या, एवढंच ना? मी सात वर्षं हेल्पलाइनवर बसले आहे, त्यातली बरीच रात्रपाळीत. बोलणं संपत आलं की समोरचा माणूस हमखास एक प्रश्न विचारायचा, "हे कुणाला कळणार नाही ना?" ज्याने फोन केला तो पारावर येऊन सांगणार नाही. तुमच्या फलकावरून चौघांनी फोन केला असेल आणि त्यातला एक तुमच्या मंडळातलाही असेल. ते तुम्हाला कधी कळणार नाही, आणि कळू नये हेच बरं. त्यामुळे 'किती जणांनी फोन केला' हे माप सोडून द्या. त्याऐवजी गावात फिरून विचारा, "हा नंबर लावला की पुढे काय होतं, ठाऊक आहे का?" याचं उत्तर किती जणांना देता येतं, ते मोजा.

हे माप मला एका बाईने शिकवलं. हेल्पलाइन सोडून मी मराठवाडा-विदर्भातल्या आशाताई, शिक्षक, कृषी सहायक यांची प्रशिक्षणं घ्यायला लागले, त्या सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. भाषण झालं, टाळ्या झाल्या. पाण्याच्या टाकीपाशी एक पन्नाशीची बाई घागर बाजूला ठेवून माझी वाट बघत उभी होती. म्हणाली, "ताई, नंबर पाठ झाला." आकडे म्हणूनही दाखवले, एकही चुकला नाही. मग पदराने तोंड पुसत हळूच म्हणाली, "पण लावल्यावर म्हणायचं काय?"

मी तासभर बोलले होते आणि हे एक सांगायचं राहून गेलं होतं. त्यानंतर मी माझं सगळं भाषणच बदललं.

फोन लावण्याआधी माणसाच्या मनात काय येतं, ते त्यांच्याच शब्दांत सांगते. पैसे कापले जातात का? पलीकडचा हिंदीत बोलेल का? माझं नाव-गाव लिहून घेतील का? पोलीस दारात येतील का? मला वेडा ठरवतील का? येरवड्याला पाठवतील का? नंबर कितीही मोठ्या अक्षरात छापला तरी यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळत नाही. जोवर उत्तर नाही, तोवर रात्री दोन वाजता अंधारात हातात मोबाइल घेऊन बसलेल्या माणसाचं बोट पुढे सरकत नाही. तुमचं चुकलं असेल तर इथे. आणि ही चूक सरकारी जाहिरातींपासून आमच्यासारख्या जाणत्यांपर्यंत सगळ्यांनी केली आहे, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका.

तर मग आधी तुमच्या कार्यकर्त्यांना ही उत्तरं पक्की द्या. टेलिमानस ही केंद्र सरकारची सेवा. २०२२च्या अर्थसंकल्पात ती जाहीर झाली आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू झाली. तिचं मुख्य केंद्र बंगळुरूची निम्हान्स ही संस्था आहे. फोन फुकट लागतो, दिवसरात्र केव्हाही. लावल्यावर भाषा निवडायला सांगतात, मराठी त्यात आहे. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञाकडे जोडून देतात आणि प्रत्यक्ष उपचार लागणार असतील तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी जिल्हा रुग्णालयाकडे, पाठवतात. खरं नाव सांगितलंच पाहिजे असं नाही. २०२५पर्यंत वीस लाखांहून जास्त फोन तिथे आले आहेत. हा शेवटचा आकडा गावात जरूर सांगा. आपण एकटे नाही हे ऐकूनच काहींचा धीर वाढतो.

गुप्ततेबद्दल मात्र वाढवून बोलू नका. "कुणालाही, कधीही, काहीही कळणार नाही" असं वचन देऊ नका. एखाद्याचा जीव त्या घटकेला धोक्यात असेल तर समुपदेशक तो कुठे आहे ते विचारतो, जवळच्या माणसाचा नंबर मागतो, मदत पोचवायची धडपड करतो. ते आधीच सांगून टाका. खरं सांगितलेलं लोकांना पटतं, आणि वचन मोडलं की ती गोष्ट गावभर होते.

यंदाच्या कार्यक्रमात तज्ज्ञांचं भाषण दहा मिनिटांवर आणा आणि उरलेल्या वेळात एकच गोष्ट करून दाखवा. मंचावर दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवा, म्हणजे दोघांना एकमेकांचा चेहरा दिसणार नाही. एकाने फोन करणारा व्हायचं, दुसऱ्याने समुपदेशक. पहिला फोन लावतो, "हॅलो" ऐकतो आणि गप्प बसतो. खरोखर दहा सेकंद गप्प बसू द्या. लोक चुळबुळ करतील, पोरं हसतील, हरकत नाही. मग समुपदेशक शांतपणे म्हणतो, "मी आहे इथे. घाई नाही." पहिला तरीही फोन कट करतो. आता गावाला सांगा की असं पुष्कळ जण करतात. आमच्याकडे रात्री असे मुके फोन कितीतरी यायचे. श्वास ऐकू यायचा, मागे टीव्ही किंवा पंख्याची घरघर, आणि फोन बंद. तासाभराने पुन्हा तोच माणूस. कुणी रागावत नाही, कुणी उलटतपासणी घेत नाही. मग दुसऱ्यांदा फोन लावून दाखवा, आणि या वेळी तो एवढंच म्हणेल, "चार दिवस झोप नाही. कुणाशी बोलावं कळत नव्हतं." हे एक वाक्य म्हणून दाखवलंत की त्या टाकीपाशी उभ्या असलेल्या बाईला उत्तर मिळालं.

मात्र हे नाटक मंचावरच राहू द्या. खऱ्या नंबरवर स्पीकर लावून 'बघा, लागतोय' असं दाखवू नका. तेवढा वेळ एका खऱ्या माणसाची रांग अडते. तुमच्या दहा-बारा कार्यकर्त्यांनी मात्र आधी प्रत्येकी एकदा, आपापल्या घरून, आपल्याच एखाद्या खऱ्या काळजीसाठी फोन करून बघावा. घरातल्या कुणाची काळजी वाटते, काय करू, हे विचारायलाही तो नंबर आहे. स्वतः फोन केलेला कार्यकर्ता आणि नुसतं पत्रक वाटणारा कार्यकर्ता यांच्या बोलण्यातला फरक ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

आता फोटोबद्दल. हे लिहिताना मला जड जातंय, कारण तुमच्या मनात त्या मुलाविषयी माया आहे हे मला दिसतंय. पण तो फलक उतरवा, आणि यंदा त्याचा फोटो कुठेही लावू नका. तुमच्या चौकात रोज शंभर मुलं त्या फलकाखालून जातात. त्यातलं एखादं आतून खचलेलं असेल. त्याला फुलांची माळ दिसते, सगळ्या गावाचं प्रेम दिसतं, आणि जिवंतपणी जे मिळालं नाही ते असं मिळतं, असा चुकीचा अर्थ त्याच्या मनात उतरू शकतो. एका आत्महत्येनंतर आसपास, विशेषतः त्याच वयाच्या मुलांत, आणखी घडण्याचा धोका वाढतो, हे जगभर पाहिलं गेलं आहे. म्हणूनच प्रेस कौन्सिलने २०१९ साली वृत्तपत्रांना नियम घालून दिले: आत्महत्येची बातमी ठळक जागी छापू नका, कशी केली ते लिहू नका, फोटो टाकू नका. वृत्तपत्रं ते कितपत पाळतात हा वेगळा विषय. पण गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात फोटो, चिठ्ठी, सगळं फिरतं, आणि तिथे तुमचा शब्द चालतो. गावातल्या ग्रुप ॲडमिनना एकत्र बसवा आणि असं काही आलं की लगेच काढून टाकायचं, एवढं ठरवून घ्या. माझ्या मते हे एक काम पाचशे पत्रकांच्या वरचं आहे.

फलकावर गळफासाचं चित्र, डोकं धरून बसलेला माणूस, काळी पार्श्वभूमी हेही नको. दोन माणसं बोलत बसली आहेत एवढं चित्र पुरे. मजकुरात 'मानसिक आरोग्य' हे शब्द असू द्या, पण मथळा त्यांचा करू नका. आपल्याकडे 'मेंटल' ही शिवी आहे, त्यामुळे तो शब्द वाचला की लोक 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून पुढे जातात. तेच "रात्री झोप लागत नाही? जिवाला घोर लागलाय? कशात मन लागत नाही?" असं लिहिलं की पाय थबकतात. खाली १४४१६. त्याखाली तीन छोट्या ओळी: फुकट आहे. मराठीत बोलतात. नाव सांगायची सक्ती नाही. बाकी सगळं खोडा. योजनेचं नाव, मंत्र्यांचे फोटो, प्रायोजक, 'शुभेच्छुक' यांची रांग, सगळं.

लावायचं कुठे? चौकात मुळीच नाही. चौकात उभं राहून तो नंबर मोबाइलमध्ये कोण टिपून घेणार, शंभर डोळे बघत असताना? माणूस जिथे एकटा असतो तिथे लावा. सार्वजनिक शौचालयाच्या दाराला आतल्या बाजूने. सलूनच्या आरशाच्या कोपऱ्यात. पिठाच्या गिरणीत, जिथे डबा ठेवून वाट बघावी लागते. दूध संकलन केंद्राच्या पावतीमागे, कृषी सेवा केंद्राच्या बिलावर एक छोटा शिक्का मारून. लातूरला शिकवणीसाठी राहणारी तुमच्या गावची मुलं असतील, त्यांच्या मेसच्या कार्डावर. बचत गटाच्या बायकांना नंबर मोबाइलमध्ये साठवून द्या, पण कुठल्या नावाने साठवायचा ते त्यांना ठरवू द्या. एका गटात एकीने 'माहेर' म्हणून साठवला आणि बाकीच्यांनीही तेच नाव घेतलं. घरात मोबाइल एकच असतो, नवरा, मुलगा, सासू सगळे तो बघतात, हे विसरून चालत नाही.

बायकांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते. मराठीत 'आत्महत्या' म्हटलं की पुढे 'शेतकरी' हा शब्द आपोआप येतो. तो प्रश्न खराच आहे, आणि तुमच्या भागात तर फारच. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२चे आकडे बघा. देशभरात १,७०,९२४ मृत्यू. त्यात महाराष्ट्रात २२,७४६, सगळ्या राज्यांत जास्त, म्हणजे दिवसाला बासष्ट. देशातले शेती करणारे, शेतकरी आणि शेतमजूर मिळून, ११,२९०. विद्यार्थी १३,०४४. आणि गृहिणी पंचवीस हजारांहून जास्त. रोजंदारीवर जगणारे तर दर चारांत एकाहून अधिक. कारणांत सगळ्यांत वर कौटुंबिक अडचणी, त्याखाली आजारपण. म्हणजे तुमचं पत्रक फक्त बारावीच्या मुलांकडे आणि कर्जबाजारी शेतकऱ्याकडे बघत असेल, तर घरात भाकऱ्या थापणारी, वीटभट्टीवर जाणारी, गुडघ्याच्या दुखण्याने खाटेवर पडलेली माणसं त्यातून सुटतात.

नंबर पोचवायचा उत्तम मार्ग म्हणजे कागद नव्हे, माणूस. हे माझं नुसतं मत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गोव्यातली 'संगात' ही संस्था त्यात होती. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी छोट्या बैठका घेतल्या, घरोघरी बोलले, आणि मदतीची वाट जवळ आणली. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, दीड वर्षानंतर २७.२ टक्के आढळलं. पुण्यातल्या 'सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी'ने 'आत्मीयता' हा उपक्रम आधी नाशिक जिल्ह्यात उभा केला आणि पुढे गुजरातेत मेहसाणाला नेला. तिथेही गावातली भली माणसं हाच पाया. खुद्द हेल्पलाइनची सुरुवातही तशीच झाली. १९५३ साली लंडनमध्ये चॅड वारा या धर्मोपदेशकाने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोन सुरू केला. त्याला भेटायला आलेली माणसं बाहेर ताटकळत बसत, तेव्हा मदतीला आलेले साधे लोक त्यांना चहा देत, त्यांचं ऐकत बसत. बऱ्याच जणांना आत जाऊन त्याला भेटायची गरजच उरत नाही, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने फोन त्या साध्या माणसांच्या हाती सोपवला.

तुमच्या गावात असे चहा देणारे दहा जण शोधा. आशाताई, अंगणवाडीसेविका, सलूनवाला, कृषी सेवा केंद्रातला मुलगा, भजनी मंडळातले एखादे काका. त्यांना दोनच गोष्टी शिकवा. एक, सरळ विचारायचं. "मरून जावं असं मनात येतं का?" आपण 'जिवाचं बरंवाईट' म्हणून विषय गुळमुळीत करतो, कारण विचारलं तर डोक्यात भलता विचार घालू अशी भीती असते. तसं होत नाही. विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट बहुतेक वेळा समोरचा सुटकेचा श्वास टाकतो. दुसरी गोष्ट, "फोन कर" म्हणून निघून जायचं नाही. "चल, आपण दोघं लावू. मी बाहेर पायरीवर बसतो." आणि खरंच बसायचं. ज्याच्या मनात असे विचार आहेत त्याच्या घरातलं फवारणीचं औषध काही दिवस दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवायला सांगायचं. तो विचार लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या घटकेला जवळ साधन नसलं तर पुष्कळ जीव वाचतात.

एक फरक सगळ्यांच्या डोक्यात पक्का असू द्या. एखाद्याने काही खाल्लं-प्यायलं असेल, इजा करून घेतली असेल, तर १४४१६ नाही. तेव्हा १०८ किंवा ११२, आणि थेट दवाखाना. गावात यात वेळ जातो तो पोलीस केसच्या भीतीने. तर हे सांगा: २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नाही आणि सरकारने त्याची काळजी घ्यायची आहे. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत उरलेलंच नाही. (सरकारी कर्मचाऱ्याच्या कामात अडथळा आणण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव टाकण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचं एक वेगळं कलम आहे, पण आपण बोलतोय त्या माणसांचा त्याच्याशी संबंध नाही.) दवाखान्यात नोंद होईल, पोलीस जबाबही घेतील, पण त्यापायी उपचार थांबवता येत नाहीत.

छापण्याआधी प्रत्येक नंबर लावून बघा. सकाळी एकदा, रात्री अकराला एकदा, रविवारी एकदा. इंटरनेटवर जुन्या, बंद पडलेल्या हेल्पलाइनच्या याद्या अजून फिरताहेत. धीर गोळा करून लावलेला पहिला फोन 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' असं सांगत असेल, तर तो माणूस दुसरा लावत नाही. लहान मुलांसाठी १०९८ वेगळा लिहा. आणि लाइन लागली नाही तर पुन्हा लावा, हेही पत्रकावर असू द्या, कारण कधीकधी थांबावं लागतं.

वेळेचं म्हणाल तर गणेशोत्सवात जरूर करा, १० सप्टेंबरचा आत्महत्या प्रतिबंध दिनही त्याच सुमाराला येतो. पण दहा दिवसांनी मांडव उतरला की विषयही उतरतो. बारावीचा आणि नीटचा निकाल लागतो ते दिवस, पेरणीच्या तोंडावर उसनवारीची वणवण असते ते दिवस, सोयाबीन पावसात काळं पडतं ते ऑक्टोबरचे दिवस, तेव्हा तुमचे दहा जण जागे हवेत. निकालाच्या आदल्या संध्याकाळी गावातल्या प्रत्येक बारावीच्या मुलाच्या घरी कुणीतरी पाच मिनिटं जाऊन यावं. पेढ्यांची चौकशी नको. "उद्या काहीही लागो, संध्याकाळी क्रिकेटला ये" एवढं म्हणावं.

राहिले त्या मुलाचे आईवडील. मंचावर बोलवू नका. सत्कार नको, श्रीफळ नको, 'त्यांचा संदेश' नको. वर्ष म्हणजे काहीच नाही, आणि माईकसमोर त्या बाईच्या तोंडून जे निघेल ते सांभाळायची तयारी तुमच्यापैकी कुणाचीही नाही, माझीही नसते. पण कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी दोघांनी त्यांच्या घरी जा. फलक उतरवतो आहोत हे सांगा आणि का ते सांगा. त्यांना फोटो तिथेच हवा असेल तर वाद घालू नका. तो घरात लावण्यासाठी चांगल्या फ्रेममध्ये बसवून नेऊन द्या. तो कसा गेला ते विचारू नका, तो कसा होता ते विचारा. गेलेल्या मुलाचं नाव गावाने घ्यायचं बंद केलं की आईबापाचा जीव आणखी तुटतो, आणि अशा घरातल्या माणसांनाही तो नंबर लागतो. आईचा मोबाइल मागून तिच्या परवानगीने तो साठवून द्या. मग चहा होईल, तो घ्या, आणि उठायची घाई करू नका.